पुळणीवरची नोंदवही

नोकरीतल्या माणसांमध्ये मूल्यं आणि उमेद कशी जागवावी, या विषयावरची पुस्तकं बहुधा मोठ्या कारखान्यांच्या नाहीतर काचेच्या इमारतींतल्या कंपन्यांच्या गोष्टींनी सुरू होतात. या पुस्तकाची प्रस्तावना मी आंजर्ल्यापासून सुरू करणार आहे. दापोली तालुक्यातलं, जोग नदीच्या मुखाशी वसलेलं हे गाव लोकांना ठाऊक आहे ते कड्यावरच्या गणपतीमुळे. नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याची कलमं, खाडीत नांगरलेल्या होड्या आणि अलीकडे पर्यटकांसाठी काढलेल्या घरगुती खोल्या, असा इथला रोजगार. मनुष्यबळ विभाग नावाच्या प्रकाराशी इथे कुणाचा संबंध येत नाही. मात्र नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत इथल्या पुळणीवर एक काम चालतं. त्या कामावर उभं राहून देखरेख करणारा कुणी नसतो, मोबदला थोडा असतो, वेळ गैरसोयीची असते, आणि काम नीट झालं की नाही हे ज्याने केलं त्यालाच खात्रीने माहीत असतं. माणसं सांभाळण्याच्या दृष्टीने याहून अवघड नोकरी मला सुचत नाही.

हे काम कासवमित्राचं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या वल्ह्यांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थोपटते आणि तासाभरात पुन्हा पाण्यात जाते. मागे राहतो तो वाळूतला माग. भरतीचं पाणी, वारा आणि सकाळी फिरायला आलेल्यांचे पाय तो पुसून टाकायच्या आत कासवमित्राला गाठायचा असतो. त्याच्याशी स्पर्धा करणारे कोल्हे आणि कुत्रे असतात, त्यांना वासावरून घरटं सापडतं. माग जिथे संपून परत वळतो तिथे काठीने अलगद चाचपायचं. वाळू भुसभुशीत लागली की काठी ठेवून हातांनी उकरायचं. अंडी मोजत बाहेर काढायची आणि काही तासांच्या आत हलवायची. हलवताना ती गदगदू द्यायची नाहीत, उलटी होऊ द्यायची नाहीत. गर्भ कवचाला आतून धरला, की एका हिसक्यानेही तो मरतो. कुंपणाच्या हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा करून त्यात अंडी ठेवायची, पाटीवर तारीख आणि संख्या लिहायची. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस राखण. वाळू किती तापते यावर पिल्लू नर निपजणार की मादी हे ठरतं. उष्ण वाळूत माद्या जास्त. म्हणजे हॅचरीवर सावली करायची की नाही, हा वरवर किरकोळ दिसणारा निर्णयसुद्धा किरकोळ नसतो.

हे सगळं अंधारात किंवा झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला, एकटा माणूस करतो. हलवताना चार अंडी फुटली तर ते कुणी पाहिलेलं नसतं. एखाद्या थंडीच्या पहाटे पुळणीचं पलीकडचं टोक न पाहताच तो घरी गेला, तरी तेही कुणाला कळणार नसतं. तरी सकाळी वहीत नोंद पडते: इतकी अंडी मिळाली, इतकी फुटली. प्रश्न असा, की ती नोंद खरी का असते?

उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री गरुडांचा अभ्यास करत होते. तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. कासव त्यात सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीत. म्हणजे कायदा होऊन तीस वर्षं उलटली होती आणि किनाऱ्यावर अंडी खाल्लीही जात होती, विकलीही जात होती. तिथून हे काम सुरू झालं, २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, पुढे आंजर्ल्यासह कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर ही पद्धत पसरली आणि वनविभाग व त्याचा कांदळवन कक्ष यांनी ती उचलून धरली.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो माणसं निवडण्याचा निर्णय. कासवाचा माग वाचणं पुस्तकातून येत नाही. किनाऱ्यावर तो वाचता येणारी जी माणसं होती, त्यांत पूर्वी अंडी काढणारेही होते. त्यांना बाजूला सारून बाहेरून सुशिक्षित, तळमळीची मुलं आणता आली असती. ती दोन हंगाम टिकली असती. उलट ज्यांच्या हातात कौशल्य होतं त्यांच्याकडेच राखण दिली गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगलेल्या माणसांना पहाऱ्यावर नेमलं होतं. लोक याला औदार्य म्हणतात. मला त्यात औदार्याइतकाच व्यवहार दिसतो: समोरच्याला आधी सुधारून मग काम द्यायचं नाही, काम द्यायचं आणि त्या कामामुळे त्याची गावातली जागा बदलते का ते पाहायचं. काल ज्याच्याकडे लोक संशयाने बघत होते, त्याच्याकडे आज शाळेतली मुलं कासवाविषयी विचारायला येतात. ही जागा सहजासहजी कुणी घालवत नाही. प्रशिक्षण वर्गात ‘प्रामाणिकपणा’ या मथळ्याखाली दाखवलेल्या चित्रफितींनी हे होईल असं मानणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मी त्यांच्यावर पैसे लावणार नाही.

नोंद खरी राहण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फुटलेल्या अंड्यांची नोंद केल्याबद्दल शिक्षा होत नाही. उद्या कुणी वरून ठरवलं, की अमुक टक्के पिल्लं निघालीच पाहिजेत, नाहीतर मानधन कापू, तर पुढच्याच आठवड्यापासून सापडलेल्या अंड्यांचे आकडे खाली येतील आणि टक्केवारी झकास दिसू लागेल. यात कासवमित्राचा स्वभाव बिघडलेला नसेल. बिघडलेली असेल ती व्यवस्था. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बँकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकायच्या, असं ध्येय शाखांवर लादलं गेलं. २०१६ मध्ये उघड झालं, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडून टाकली होती. बँकेला १८५ दशलक्ष डॉलरचा दंड झाला, पाच हजारांवर कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढलं. सचोटीविषयीची छापील पुस्तिका त्या बँकेकडेही होतीच. २००१ मध्ये बुडालेल्या एनरॉनच्या घोषित मूल्यांत तर सचोटी हा शब्द ठळकपणे होता. गुहागरजवळच्या प्रकल्पामुळे ही कंपनी रत्नागिरी जिल्ह्याला चांगली आठवते.

आता उमेदीविषयी. मूल्यं आणि उमेद हे शब्द जोडीने वापरायची सवय झाली आहे, पण प्रामाणिक असून कंटाळलेली माणसं प्रत्येक कचेरीत असतात. बारनिशीत रोज आवक-जावक चोख नोंदवणाऱ्या कारकुनाला त्या कागदाचं पुढे काय होतं हे कधीच दिसत नाही. कासवमित्राला निम्मं तरी दिसतं. पन्नासेक दिवसांनी हॅचरीतली वाळू खचते, घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली पिल्लं वर येतात आणि तो ती स्वतःच्या हाताने वाळूवर सोडतो. पाण्यापर्यंत त्यांना स्वतःच चालू द्यायचं असतं. अ‍ॅडम ग्रँट या अभ्यासकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिनाभराने पाहिलं तर त्या गटाचा फोनवरचा वेळ दुपटीहून वाढलेला होता. पगार तोच होता, साहेब तोच होता. आपलं काम कुणापर्यंत पोचतं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

पण मी ‘निम्मं’ म्हटलं ते मुद्दाम. समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी हजारात एखादंच मोठं होतं असं मानतात, आणि ते मादी असलं तर अंडी घालायला यायला दहाबारा वर्षं लागतात. म्हणजे ज्या कामाचा शेवट हयातीत ओळखू येईल याची खात्री नाही, त्यासाठी माणूस रात्री उठतो. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि मँग्रोव्ह फाउंडेशन यांनी कोकणात माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. वेळासची पहिली ‘प्रथमा’, आंजर्ल्याची ‘सावनी’. आपल्या पुळणीवरून गेलेलं कासव नकाशावर ठिपक्या-ठिपक्याने सरकताना पाहणं ही किनाऱ्याला नवी गोष्ट होती. शास्त्रज्ञांना त्यातून स्थलांतराची माहिती हवी होती, ती त्यांना मिळाली. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यातून जे मिळालं, त्याची किंमत कुठल्याही अहवालात मांडलेली नसेल. शिवाय त्या मादीचं नाव घेता येत होतं. ‘अमुक क्रमांकाचं कासव कुठे पोचलं’ असं चहाच्या टपरीवर कुणी विचारत नाही.

आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे पाजपंढरी, मग हर्णै. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव पाहायला पर्यटक गर्दी करतात, फोटो काढतात आणि सुरमई घेऊन परततात. माणसं नोकरीला ठेवणाऱ्याने तो वेगळ्या कारणासाठी पाहावा. भाव चारचौघांत, मोठ्याने पुकारला जातो. त्या फेरीला मासळी किती लागली आणि तिला काय मिळालं, हे तांडेलालाही ऐकू येतं आणि खलाशालाही. वाटा ठरताना तंटे होत नाहीत असं नाही, होतात; पण भांडण खऱ्या आकड्यावर होतं. याउलट कलमांच्या बागा असलेल्या कुणाशीही बोला, पहिली तक्रार एकच: माणसं टिकत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या बागा राखायला आता नेपाळहून माणसं येतात. त्यांच्याशी निष्ठेच्या गोष्टी बोलणाऱ्या बागायतदाराला विचारावं, की यंदा पेटीला वाशीत काय भाव मिळाला हे त्याने राखणदाराला कधी सांगितलं का. सांगितलं असेल असे थोडे निघतील, पण निघतील. त्यांच्याकडे माणसं जास्त टिकतात का, हे कुणीतरी नीट तपासून लिहायला हवं.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. मूल्यांच्या पुस्तकांत पैशाचं प्रकरण शेवटी आणि आखडतं असतं. महाराष्ट्रात याची परंपरा जुनी आहे आणि ती हर्णैच्या पुढच्या मुरुड गावातून जाते. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांना गोखल्यांनी १८९१ मध्ये पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला बोलावलं, ते टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागेवर. टिळक का गेले? डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली तेव्हा आजीव सदस्यांनी वीस वर्षं संस्थेला द्यायची आणि दरमहा ७५ रुपयांवर राहायचं, असा पाया होता. टिळकांच्या मनात जेझुइट पाद्र्यांचा नमुना होता: सगळा वेळ, सगळी कमाई संस्थेची. पुढे संसार वाढले, काहींना वेतनवाढ हवी झाली, काहींनी बाहेरची कामं घेतली. टिळक एका बाजूला, आगरकर आणि इतर दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

शाळेत आपण हा वाद दोन थोर पुरुषांच्या स्वभावांचा म्हणून शिकलो. नोकरीच्या बाजूने पाहिलं तर तो सेवाशर्तींचा वाद आहे. त्यागाचं वय काय? पंचविशीत घेतलेली शपथ पस्तिशीत, तीन मुलं झाल्यावर, तेवढीच बांधते का? बाहेर मिळवलेला पैसा कुणाचा? हे प्रश्न आरंभी कागदावर नीट मिटवलेले नव्हते, म्हणून पुढे ते चारित्र्याचे प्रश्न झाले, आणि ज्यांनी एकत्र उपास काढले होते ती माणसं एकमेकांच्या हेतूंवर बोलू लागली. माझा कल विचाराल तर, तत्त्व टिळकांचं उंच होतं आणि माणसांची जाण दुसऱ्या पक्षाला अधिक होती. कर्व्यांनी हे सगळं आत राहून पाहिलं. ते १८९२ मध्ये स्वतः आजीव सदस्य झाले आणि मुदत पुरी करून १९१४ मध्ये निवृत्त झाले. दरम्यान १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होता आणि १९०८ मध्ये, आश्रमाला आयुष्य वाहणारी माणसं मिळावीत म्हणून, निष्काम कर्म मठ. या मठातून उभ्या राहिलेल्या बायकांकडे पाहिलं की निष्ठा कशातून येते याचा अंदाज येतो. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले विधवा होऊन माहेरी बसल्या असत्या, तर त्यांच्या वाट्याला चूल आणि आलवण एवढंच होतं. आश्रमाने त्यांना वर्गणी गोळा करायला गावोगाव पाठवलं, पुढे त्या इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेल्या. जी संस्था आपल्याला इतकं मोठं करते तिच्यासाठी कमी पैशात राबणं त्यांना त्याग वाटत नसावा. मात्र ज्या संस्था माणसाला जागच्या जागी ठेवून वर त्यागाची अपेक्षा करतात, त्यांनी कर्व्यांचं नाव घेऊ नये.

शेजारच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ घरोघरी वाचली गेली. त्यांनी मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर १९७२ मध्ये ‘बेस्ट उपक्रमाची कथा’ लिहिली, हे फार जणांना माहीत नसतं. कादंबरीकाराने आपल्या कचेरीचा इतिहास लिहावा, हे मला त्या उपक्रमाला मिळालेलं मोठं प्रशस्तिपत्र वाटतं. आपल्या नोकरीविषयी लिहावंसं वाटेल असं किती जणांच्या वाट्याला येतं?

आंजर्ल्याकडे परत येतो, कारण तिथलं चित्र मी आतापर्यंत जरा गुळगुळीत रंगवलं आहे. कासवमित्राचं मानधन हंगामापुरतं असतं. पावसाळ्यात तो पुन्हा शेत, बाग, होडी नाहीतर मिळेल ते. कासव पाहायला येणाऱ्यांचा पैसा गावात येतो तो खोल्या, जेवण आणि गाड्या यांच्या वाटेने. रात्री चालणाऱ्याच्या हातात त्यातलं किती पडतं हे त्याचं स्वतःचं घर पाहुण्यांसाठी उघडं आहे की नाही यावर ठरतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या, तीसतीस वर्षांची माडा-पोफळीची झाडं आडवी झाली, तेव्हा तर जोडधंद्याशिवाय कुणाचं भागणारच नव्हतं. ‘बाहेरची कमाई’ हा १८९० चा प्रश्न असा पुळणीवर येऊन उभा राहतो.

तो केवळ पैशाचा राहत नाही. पिल्लं बहुतेक रात्री, वाळू गार झाल्यावर वर येतात. अंड्यातून निघाल्यावर पहिले काही तास त्यांच्या अंगात जी ताकद असते, ती किनाऱ्यावरच्या लाटा कापून खोल पाण्यात जाण्यासाठी असते. पर्यटक मात्र सकाळी सात वाजता येतात. टोपलीखाली रात्री दोनला आलेली पिल्लं सातपर्यंत ठेवली, तर ती तिथल्या तिथे वळवळून दमतात. लगेच सोडली, तर पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आलेल्या कुटुंबाला कोरडी वाळू पाहून परत जावं लागतं, आणि ते कदाचित कासवमित्राच्याच भावाकडे उतरलेलं असतं. कांदळवन कक्षाच्या योजनेत मच्छीमाराने कासव सोडवण्यासाठी स्वतःचं जाळं कापलं तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तिथे सरकारने ओळखलं, की चांगल्या वागण्याचा भुर्दंड एकट्या माणसाच्या माथी मारायचा नसतो. टोपलीपाशी बसलेल्या माणसाला मात्र पहाटे दोन वाजता भाऊ, पाहुणे, गावाचं नाव आणि पिल्लू यांतून एक निवडायला लावणं, आणि त्याने चुकीचं निवडलं की मूल्यं घसरली म्हणणं, हा सोपा मार्ग आहे.

या पुस्तकातली पगाराची आणि नियमांची प्रकरणं वाचकाने आधी वाचावीत, प्रेरणेची नंतर, असं मी सुचवतो. लेखकाने क्रम उलटा लावला आहे आणि त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. आंजर्ल्यापुरतं बोलायचं तर नियमांचा कागद ऑक्टोबरातच, पहिली मादी यायच्या आधी तयार होऊ शकतो. पिल्लू वर आलं की सोडायचं, पाहुणे असोत वा नसोत. दिसण्याची हमी नाही हे खोली ठरवतानाच सांगायचं. आणि तरीही कुणी पैसे परत मागायला आलाच, तर त्याच्याशी बोलण्याचं काम महोत्सव भरवणाऱ्यांचं, रात्रभर जागलेल्या माणसाचं नाही.